विजेचे उड्डाण, वजनाचे ओझे

१/ ९ ऑगस्ट १८८४. पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथून रनार आणि क्रेब्ज या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांचे ‘ला फ्रान्स’ हे हवाई जहाज विजेच्या मोटरवर निघाले. सुमारे ८ किलोमीटरचा फेरा २३ मिनिटांत पूर्ण करून ते सुटल्या जागी परतले. हवाई जहाज स्वबळावर परतण्याची ही पहिलीच वेळ.

२/ मात्र बॅटरीचेच वजन ४०० किलोंहून अधिक होते. पुढे पेट्रोल इंजिन आले आणि वीज मागे पडली.

३/ २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात हाइनो ब्रदिच्का यांनी बॅटरीवरचे विमान उडवले. तेही पाव तासाच्या आत उतरले.

४/ अडसर आजही तोच. इंधन जळते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तितकीच जड राहते. ‘नासा’चा एक्स-५७ प्रकल्प २०२३ मध्ये उड्डाणाविनाच संपला. विजेचा प्रश्न कधीच सुटला. वजनाचा अद्याप बाकी आहे.