पोवळ्याच्या टाकीतली चुन्याची निवळी

चुन्याच्या निवळीत काचेच्या नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे दाखवणारा हा प्रयोग मराठी शाळेतून गेलेल्या बहुतेकांनी पाहिलेला, निदान पाठ तरी केलेला असतो. हीच निवळी आज जगभरच्या कित्येक घरांत काचेच्या टाक्यांमध्ये रात्रभर थेंबथेंब पडते आणि तिच्या जोरावर समुद्रातली प्रवाळं वाढतात. चाळीस लिटरच्या टाकीत प्रवाळाचा बगीचा फुलवून स्पर्धेत उतरणारी हौशी माणसं दिवे, पंप आणि फेस काढणारी यंत्रं यांच्याविषयी तासन्‌तास बोलतात. माझं म्हणणं असं की या छंदाचं कूळ शोधत गेलं तर आपण दिव्यापाशी किंवा पंपापाशी पोहोचत नाही, चुन्याच्या भट्टीपाशी पोहोचतो.

या छंदाचे ठळक टप्पे हौशी मंडळींना माहीत आहेत. अ‍ॅना थिन या बाईंनी 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून थंड पाण्यातली प्रवाळं लंडनला आणली आणि ती जगवली. फिलिप हेन्री गॉस यांच्या 1854 च्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचवला. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणाऱ्या टाक्यांविषयी लिहिलं. 1973 मध्ये पेटर विल्केन्स यांचं अशा टाक्यांविषयीचं जर्मन पुस्तक आलं. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्यातली पद्धत घोटून पक्की केली आणि 1990 च्या दशकात ती अमेरिकेत रुजली. विल्केन्स यांनी ज्या एका गोष्टीचा आग्रह धरला, ती म्हणजे आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी न घालता चुन्याची निवळी घालायची. जर्मनमध्ये तिला ‘काल्कवासर’ म्हणतात.

इथे एक कोडं येतं. इंग्रजीत या द्रवाला ‘लाइमवॉटर’ हा शब्द पूर्वीपासून होता. जोसेफ ब्लॅक यांनी 1756 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चुन्याच्या प्रयोगांपासून तो रसायनशास्त्रात रुळलेला आहे आणि औषधांच्या दुकानांतही ओळखीचा होता. तरीही अमेरिकेतला हौशी माणूस आजही ‘काल्कवासर’ म्हणतो आणि लाडाने त्याचं ‘काल्क’ करतो. घरात शब्द असताना शेजाऱ्याचा कोणी का उसना घ्यावा? सोपं उत्तर असं की पद्धत जर्मनीतून आली, तिच्यासोबत शब्दही आला. मला ते अपुरं वाटतं, कारण फेस काढण्याचं यंत्रही जर्मनीतूनच नावारूपाला आलं, पण त्याला सगळे बिनदिक्कत इंग्रजी नावानेच ओळखतात. नुसत्या वस्तू आल्या असत्या तर त्यांची नावं बदलली असती. जर्मनीतून चुना मोजण्याची एक अख्खी रीत आली, म्हणून शब्द टिकला असं मी मानतो.

त्याचा पुरावा प्रत्येक टाकीवाल्याच्या वहीत आहे. पाण्याची क्षारता किती, हे तो ‘डीकेएच’ या एककात लिहितो आणि समुद्राच्या पाण्यात ती साधारण 7 असते. हे एकक विहिरीच्या आणि बॉयलरच्या पाण्याचा जडपणा मोजायच्या जुन्या जर्मन मापातून आलं आहे. त्या मापाची व्याख्याच मुळी अशी आहे: एक लिटर पाण्यात 10 मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइडच्या तोडीचा जडपणा म्हणजे एक अंश. कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे भट्टीतून निघालेला कळीचा चुना. म्हणजे टोकियोत किंवा टेक्सासमध्ये कोणी ‘आज 8 भरले’ असं वहीत लिहितो, तेव्हा तो लिटरमागे 80 मिलिग्रॅम कळीच्या चुन्याचा हिशेब मांडत असतो. समुद्राचे अभ्यासक ही एककं वापरत नाहीत, त्यांची मापं वेगळी आहेत. हौशी लोकांनी मात्र भट्टीचंच माप धरून ठेवलं. यावर एक आक्षेप येतो: ‘डीकेएच’मधला ‘डी’ हा इंग्रजी ‘डिग्री’चा, त्यात जर्मन काही नाही. पण मूळ जर्मन संज्ञेत अंशासाठी ‘ग्राड’ हा वेगळा शब्द आहे आणि जडपणाच्या मापातला ‘डी’ हा ‘डॉइच’चा, म्हणजे ‘जर्मन’चा आहे. ‘डिग्री’ हा अर्थ इंग्रजी वाचकांनी मागाहून बसवला, असाच माझा निष्कर्ष आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘चुना’ हा संस्कृत ‘चूर्ण’पासून आला. तमिळमधला ‘सुण्णाम्बु’ हाच मूळ मानावा, असाही एक पक्ष मांडता येतो. चुन्याचा गिलावा करण्यात दक्षिणेचा हात कोण धरणार? पण ध्वनी काय सांगतात ते पाहा. कर्ण, पर्ण, जीर्ण या शब्दांतला ‘र्ण’ प्राकृतात ‘ण्ण’ झाला आणि मराठीत ‘न’ होऊन कान, पान, जुना हे शब्द आले. चूर्ण, चुण्ण, चुना ही पायरी त्यांच्या शेजारी तंतोतंत बसते. इतकी सरळ वाट समोर असताना मराठी शब्दासाठी आडवळण घेण्याचं कारण मला दिसत नाही. ‘निवळी’ तर त्याहून बोलका शब्द आहे. निवळणं म्हणजे गाळ तळाशी बसून पाणी स्वच्छ होणं. ज्या झाडाची बी भांड्याला आतून घासून गढूळ पाणी निवळून घेत, त्याचंही नाव निवळीच. जर्मन आणि इंग्रजी शब्द फक्त ‘चुन्याचं पाणी’ एवढंच सांगतात. मराठी शब्द कृतीही सांगतो. त्या कृतीतच सगळी मेख आहे. लिटरभर शुद्ध पाण्यात दोन ग्रॅम चुन्याची पूड घालून बाटली हलवली तर विरघळते ती साधारण दीड ते 1.7 ग्रॅम. पाणी जितकं गरम तितका चुना कमी विरघळतो, साखरेच्या अगदी उलट. उरलेला चुना तळाशी बसतो आणि पुडीतली बरीच घाणही त्याच्यासोबत खाली जाते. वर दुधावर येते तशी पातळ साय धरते. ती म्हणजे चुन्याचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन बनलेला खडू. नळीचं तोंड या सायीच्या खाली आणि गाळाच्या वर ठेवायचं. मधला पाण्यासारखा नितळ थर तेवढा टाकीत जाऊ द्यायचा.

प्रवाळाला याची गरज का, याचं उत्तर त्याच्या हाडांत आहे. खडक रचणारं प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन अ‍ॅरागोनाइटचा सांगाडा बांधतं आणि या दोहोंचं प्रमाण ठरलेलं असतं. निवळी नेमक्या त्याच प्रमाणात दोन्हींची भर घालते आणि मागे नको ते मीठ उरत नाही. (दागिन्यातलं लाल पोवळं हे वेगळं, भूमध्य समुद्रातलं. ते खडक रचत नाही आणि या टाक्यांतही नसतं.) हा चुना पूर्वी कुठून येत होता, ते पाहिलं म्हणजे माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग समोर येतो. कोकण-गोव्यात शिंपल्या भाजून चुना करत. मन्नारच्या आखातात तर तुतिकोरीनच्या आसपास प्रवाळच खणून काढून चुन्यासाठी आणि कार्बाइडसाठी वापरलं गेलं; तिथली दोन बेटं पाण्याखाली गेली, त्यात या खाणकामाचा मोठा वाटा होता. ली चिन एंग ज्या जकार्तात टाक्या मांडत होते, तिथल्या उपसागरातलं प्रवाळही बांधकामासाठी काढलं जात होतं. प्रवाळ भाजलं की कळीचा चुना, तो विरवला की पूड, पुडीची निवळी आणि निवळीतून पुन्हा प्रवाळ, असा हा फेरा आहे.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत भक्कम नाव ली यांचंच आहे. त्यांच्या टाक्यांत निवळी नव्हती, तरी प्रवाळ जगलं. हे खरं आहे, पण समुद्राचं ताजं पाणी त्यांच्या हाताशी होतं. चुना समुद्रच पुरवत होता. समुद्रापासून दूर असलेल्या बर्लिनमध्ये ती सोय नव्हती, म्हणूनच उत्तर तिथे शोधावं लागलं. दुसरा पक्ष दिव्यांचा. प्रवाळाच्या अंगातल्या शैवालाला उजेड लागतो, याबद्दल दुमत नाही. पण भरपूर उजेडातही चुना संपला की सांगाड्याची वाढ थांबते. मऊ, बिनहाडाची प्रवाळं मात्र तग धरतात. सुरुवातीच्या अमेरिकी टाक्यांत मऊ प्रवाळांचीच गर्दी का होती, याचं उत्तर मला इथे दिसतं. तिसरा पक्ष आजच्या स्पर्धकांचा. ते कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट वेगवेगळ्या बाटल्यांतून पंपाने घालतात. ही रीत सोयीची आहे, पण दोन्ही मिळून साधं मीठ मागे उरतं आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. शिवाय बंद फ्लॅटमध्ये माणसांच्या उच्छ्वासाने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचं पाणी आम्लतेकडे झुकतं. निवळी तो वायू बांधून घेते, शाळेतल्या प्रयोगात घेते तशीच. मोठ्या, गच्च भरलेल्या टाकीत जेवढं पाणी आटतं तेवढ्या निवळीने भागत नाही, हे मी मान्य करतो. लहान टाकीत भागतं.

हिशेब करून पाहा. चाळीस लिटरच्या टाकीत दिवसाला एक अंश क्षारता खर्च होत असेल तर 400 मिलिग्रॅम कळीच्या चुन्याएवढी भर हवी, म्हणजे साधारण 350 मिलिलिटर निवळी. उघड्या टाकीतून एका दिवसात एवढं पाणी सहज उडून जातं. रात्री शैवालाचं काम थांबतं आणि पाण्याचा सामू उतरतो, म्हणून ही भर रात्री दहा तासांत, सुमारे पाच सेकंदांना एक थेंब या वेगाने घालावी. निवळीचा सामू 12.4 च्या आसपास असतो; घाईने लोटाभर ओतली तर टाकी हातची जाऊ शकते. पानाच्या डबीतला किंवा भिंतीचा चुना वापरू नये, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्यावं. आणि ज्याला ही टाकी मांडायची असेल त्याने मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. खडक रचणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच.