सवलतीचं सॉफ्टवेअर आणि आपल्या गटाचा हिशेब

मागच्या मार्चअखेरीला आमच्या गटाचा हिशेब अडला. फाइल उघडत होती, आकडे दिसत होते, पण एकही आकडा बदलता येईना. पापडाचा सगळा हिशेब आम्ही अध्यक्षताईंच्या मुलीच्या लॅपटॉपवर ठेवला होता. सॉफ्टवेअर तिला कॉलेजकडून मिळालेलं. ती पास झाली आणि ते खातं बंद पडलं. चूक आमचीच, विचारलं कुणी होतं? मग एकीनं सुचवलं, भाच्याच्या नावावर विद्यार्थ्यांच्या सवलतीत नवीन घेऊ. घ्यायच्या आधी आम्ही या सवलतीचा इतिहास शोधून वाचला.

मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००३ ची ‘स्टुडंट अँड टीचर’ आवृत्ती काढली. अमेरिकेत तिची किंमत १४९ डॉलर. साध्या ‘स्टँडर्ड’ आवृत्तीला ३९९ डॉलर पडत. आणि आत? दोन्हींत तेच वर्ड, तेच एक्सेल, तेच पॉवरपॉइंट, तेच आउटलुक. शिवाय स्वस्तातली एका घरातल्या तीन कॉम्प्युटरवर चालायची. फरक होता तो परवान्यातल्या बारीक अक्षरांत: वापर शिकण्या-शिकवण्यासाठी, धंद्यासाठी नाही. विद्यार्थ्यांसाठी ‘प्रोफेशनल’ची सवलतीतली आवृत्तीही होती, त्यात माहितीच्या मोठ्या याद्या सांभाळणारं अ‍ॅक्सेस मिळे. ज्याला ते लागणार नाही त्यानं त्याचे पैसे कशाला भरायचे?

२००७ च्या आवृत्तीचं नाव बदलून ‘होम अँड स्टुडंट’ झालं. आउटलुक गेलं, वननोट आलं. आता घेणारा विद्यार्थीच असावा अशी अट उरली नाही, पण धंद्याची बंदी कायम राहिली. ना-नफा संस्थेच्या कामालाही मनाई. खिडकीच्या वरच्या पट्टीवरच इंग्रजीत लिहून यायचं की हा वापर व्यावसायिक नाही. आपण तर पापड विकतो, अंतर्गत कर्जावर व्याज घेतो. म्हणजे भाच्याचं नाव लावलं तरी काम आपलंच!

कंपनी सवलत का देते, हे आपल्याला कळायला अवघड नाही. ज्या तव्यावर भाकरी शिकलो, तोच तवा पुढं हाताला बरा वाटतो.

दुसरी वाट जर्मनीतून आली. ल्युनेबुर्ग गावात मार्को ब्योरीस या पोरसवदा मुलानं १९८५ साली स्टार डिव्हिजन कंपनी काढली, तिचं स्टारऑफिस. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सनं ती विकत घेतली आणि २००० साली स्टारऑफिसची मूळ आज्ञावली सगळ्यांसाठी खुली केली. त्यातून ओपनऑफिस झालं, आणि २०१० साली काही मंडळींनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. ते फुकट आहे, पण आम्हाला त्याहून मोलाचं वाटलं ते हे की घर, शाळा, गट, दुकान असा भेद त्यात नाही. मेनू मराठीतही करता येतो.

बैठकीत आम्ही तेच ठरवलं. जुनी फाइल त्यात उघडली, बेरजा जुळल्या. छापताना ओळी पानाबाहेर जात होत्या, त्या सचिवताईंनी दोन संध्याकाळी बसून नीट केल्या. कॉम्प्युटर आता गटाच्या नावावर आहे आणि हाताची वही अजून चालू आहे.