‘मांबो?’ : एका क्षेमकुशलाचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास लिहिताना औषधांच्या शोधांना मानाचे पान मिळते. ते औषध रोग्याच्या पोटात नियमाने कसे गेले, याची नोंद क्वचितच होते. म्हणूनच केनियातील एका लहानशा प्रयोगाचा वृत्तान्त आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

एचआयव्हीवरील औषधे जन्मभर घ्यावी लागतात. वारंवार खंड पडला की विषाणू औषधास दाद देईनासा होतो. दवाखाने दूर, परिचारिका मोजक्या, घरोघरी दूरध्वनीची तार पोहोचलेली नाही. अशा या देशात मोबाइल मात्र नव्या शतकाच्या पहिल्या दशकात झपाट्याने पसरला. त्याचाच आधार घेऊन कॅनडाचे डॉ. रिचर्ड लेस्टर व त्यांच्या केनियातील सहकाऱ्यांनी २००७ साली ‘वेलटेल’ चाचणी आरंभिली. नैरोबीतील दोन आणि ग्रामीण काजियादोतील एक अशा तीन दवाखान्यांतील ५३८ रुग्ण तीत होते.

त्यांपैकी २७३ जणांना दर आठवड्यास स्वाहिलीत एकच शब्द जाई : ‘मांबो?’, म्हणजे ‘कसं काय?’ अठ्ठेचाळीस तासांत ‘सावा’ (ठीक) किंवा ‘शिडा’ (अडचण) असे उत्तर अपेक्षित असे. ‘शिडा’ आला, वा काहीच आले नाही, तर दवाखान्यातून फोन होई. संदेशात रोगाचे वा औषधाचे नावही नसे. फोन दुसऱ्याच्या हाती पडला तरी गुपित फुटण्याची भीती नव्हती. आपल्या पूर्वजांच्या पत्रांतही मजकुराआधी क्षेमकुशल येई, त्याचे येथे स्मरण होते.

निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात औषध नियमित घेणारे संदेशगटात ६२ टक्के, तर इतरांत ५० टक्के. रक्तातील विषाणू आटोक्यात आलेले अनुक्रमे ५७ व ४८ टक्के.

हे यश निव्वळ यंत्राचे मानणे मात्र घाईचे ठरेल. पश्चिम केनियातील दुसऱ्या एका चाचणीत (२०११) साप्ताहिक आठवणीचा उपयोग झाला, रोजच्या आठवणीचा झाला नाही. कॅमेरूनमधील याउंदे येथे धीर देणारे साप्ताहिक संदेश सहा महिने धाडूनही लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. या भिन्नतेची कारणे अनेक असू शकतील. आमच्या मते ‘वेलटेल’चे मर्म संदेशात नसून उत्तराची वाट पाहण्यात होते. संदेश स्वस्तात धाडता येतो. ‘शिडा’ वाचून उलट फोन करणारी परिचारिका मात्र नेमावी लागते, आणि तिचे वेतन वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते.