सर्वांना चाललेले नाव

२००७ साली राष्ट्रपतिपदासाठी नाव ठरविताना काँग्रेस पक्ष पेचात सापडला होता. शिवराज पाटील यांच्या नावाला डाव्या पक्षांची संमती मिळेना, आणि त्यांच्या पाठिंब्यावाचून तर केंद्र सरकारचा गाडा हलत नव्हता. अशा वेळी प्रतिभाताई पाटील यांचे नाव पुढे आले आणि घटकपक्षांत कोणीही त्याला हरकत घेतली नाही. बोदवडजवळच्या नाडगावी १९३४ साली जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या ताई आपल्या खानदेशाला काही नव्या नव्हत्या. शिवसेना तर विरोधी आघाडीतली. तरीही मराठी उमेदवार म्हणून तिने आपली मते ताईंनाच दिली. प्रतिस्पर्धी होते भैरोसिंह शेखावत. ताईंच्या सासरचे आडनावही शेखावतच, हा एक गमतीचा योग!

परंतु सर्वांना चालणारे माणूस ते कणा नसलेले, असा जो समज तेव्हा पसरला तो आम्हांस मान्य नाही. १९६२ साली अवघ्या २७ व्या वर्षी विधानसभेत गेलेल्या ताईंनी १९७९-८० मध्ये शरद पवारांच्या सरकारसमोर विरोधी पक्षनेतेपद सांभाळले. पुढे राजस्थानच्या राज्यपाल असताना, २००६ साली, तेथील भाजप सरकारचे धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी सही न करता परत पाठविले. एरवी मिळवून घेणाऱ्या ताई तेथे मात्र अडून बसल्या.

निवृत्तीनंतरच्या घरासाठी पुण्यात दिलेल्या लष्करी जमिनीवरून गहजब झाला, तेव्हा २०१२ साली त्यांनी ती जागा सोडली. ती मुळातच घेतली नसती तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते.