धाकाविना कायदा

सार्वजनिक रान सर्वांचे असते. म्हणूनच ते कोणाचेच नाही असे समजणारेही असतात. अमेरिकेतील यलोस्टोनचे रान १८७२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले; १८८६ पासून रक्षणास लष्करही आले. शिकारीस बंदी होती. परंतु ती मोडणाऱ्यास शासन करणारा कायदा नव्हता. चोरट्या शिकाऱ्याचे सामान जप्त करावे व त्यास हद्दीबाहेर घालवावे, एवढाच सैनिकांचा अधिकार. इकडे बायसन, म्हणजे आपल्या गव्याचा अमेरिकन भाऊबंद, जसजसा दुर्मिळ झाला, तसतशी दिवाणखान्यात टांगावयाच्या त्याच्या मुंडक्याची किंमत चढत गेली.

मार्च १८९४ मध्ये फेलिक्स बर्जेस या टेहळ्याने पेलिकन खोऱ्यातील बर्फात एडगर हॉवेल यास बायसनाचे कातडे सोलीत असताना पकडले. हॉवेलला कैदेचे भय नव्हतेच. परंतु त्याच सुमारास उद्यानात आलेले पत्रकार इमर्सन हफ यांनी हे वृत्त ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकात दिले, आणि लोकमत खवळले. आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या विधेयकावर ७ मे १८९४ रोजी अध्यक्ष क्लीव्हलंड यांची सही झाली. आता अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद व हजार डॉलरांपर्यंत दंड ठोठावता येऊ लागला.

तरीही १९०२ च्या सुमारास तेथे जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. खासगी कळपांतून जनावरे विकत आणून पैदास वाढवावी लागली. आज तेथे हजारो बायसन चरतात. कायदा दोन महिन्यांत झाला. त्यापूर्वीच्या बावीस वर्षांची किंमत मात्र मुक्या जनावरांनी मोजली.