श्वास आणि दृष्टि

जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरवाड्यांत अपुऱ्या दिवसांचें मूल जन्मलें, कीं पहिली चिंता श्वासाची. डोळ्यांचा विचार कोणाच्या मनांत येणार? परंतु वैद्यकाच्या इतिहासानें या दोहोंची गांठ केव्हांच दाखवून दिली आहे.

१९४२ सालीं बोस्टन येथें डॉ. टेरी यांनीं अशा बालकांच्या डोळ्यांत, भिंगामागें, पांढरट पापुद्रा आढळल्याचें नोंदविलें. कारण कळेना. १९५१ सालीं मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनीं प्राणवायूवर बोट ठेविलें: जेथें तो मुक्तहस्तें दिला जाई, तेथें अंधत्व अधिक. १९५३-५४ मध्यें अमेरिकेंतील १८ रुग्णालयांनीं मिळून केलेल्या परीक्षेनें तें सिद्ध झालें. अशा मुलाच्या नेत्रपटलांतील रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. अति प्राणवायूनें त्यांची वाढ खुंटते. पुढें वेड्यावांकड्या वाहिन्या फुटतात आणि पटल ओढलें जाऊन सुटतें.

धास्तीनें प्राणवायूचा हात आखडला. तेव्हां डोळे वांचले, पण बालकें दगावूं लागलीं. धडा हाच, कीं औषध टाकावयाचें नाहीं, मोजावयाचें.

आज तें मोजतां येतें. तरीहि ३४ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमांहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे तीस दिवसांच्या आंत तज्ज्ञानें तपासावेच लागतात. वेळींच लेसर-उपचार मिळाल्यास दृष्टि बहुधा वांचते.

नारायणगांवीं डॉ. मनोहर डोळे यांनीं मोहन ठुसे नेत्ररुग्णालय उभारलें आणि वृद्धांना डोळ्यांसाठीं डोंगर उतरण्याची संवय लागली. नातवाच्या डोळ्यांना मात्र एका महिन्याचीच मुदत असते. बाळ घरीं पाठवितांना कागदावर त्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी. वांचविलेल्या जिवाचें तें उरलेलें देणें आहे.