शिकलाय किती?

परवा नात एक लेख वाचून दाखवत होती. मी सवयीने विचारलं, "लिहिणारा कोण? शिकलाय किती?" ती म्हणाली, "आजी, आधी तो काय म्हणतोय ते तर ऐक!" गप्प बसले. मी तरी कोण, मराठी माध्यमातली साधी बी.ए.!

मग मायकेल व्हेंट्रिस आठवला. क्रीट बेटावर नॉसॉस इथे सर आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली उत्खनन सुरू केलं. तिथे लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या एका लिपीला 'लिनियर बी' नाव पडलं. ही भाषा ग्रीक नाही, असं इव्हान्स यांचं ठाम मत. एवढ्या मोठ्या माणसापुढे कोण बोलणार?

व्हेंट्रिस होता आर्किटेक्ट. ग्रीकची पदवी नाही. पण चौदाव्या वर्षी, १९३६ मध्ये, इव्हान्सना ऐकलं आणि लिपीचा ध्यास घेतला. गंमत म्हणजे ही भाषा एट्रुस्कनच्या जवळची असावी असं त्यालाही कितीतरी वर्षं वाटत होतं. म्हणजे पदवी नसलेला माणूसही चुकतोच!

ॲलिस कोबर या अमेरिकन प्राध्यापिकेने शब्दांची रूपं शेवटी कशी बदलतात ते शोधलं होतं. त्याच वाटेने जात १९५२ मध्ये व्हेंट्रिसने अक्षरांचे उच्चार बसवले, आणि निघाली चक्क ग्रीक! केंब्रिजचे जॉन चॅडविक यांनी त्याची पदवी विचारली नाही. ते उच्चार स्वतः लावून पाहिले आणि मग त्याला येऊन मिळाले. १९५३ मध्ये पायलॉसच्या एका पाटीने तर शिक्कामोर्तबच केलं. तिच्यावर भांड्यांची चित्रं होती. व्हेंट्रिसच्या उच्चारांनी शेजारचे शब्द वाचले तर 'चार कानांचं', 'तीन कानांचं', 'बिनकानांचं'. आणि चित्रांतल्या भांड्यांना तेवढेच कान! आपण कढईचे कान म्हणतो ना, तसेच.

पदवीला मी कमी लेखत नाही. कोबर, चॅडविक शिकलेलेच होते, आणि पारख करायला अभ्यास लागतोच. कोणाचं आधी ऐकावं, एवढं पदवीवरून ठरवायला हरकत नाही. पण खरं काय, ते त्या पाटीनेच ठरवलं.

हे सगळं आठवण्याचं कारण वेगळंच. एकदा वर्गात बेचाळीसच्या चळवळीचा धडा चालू असताना एक मुलगा उठला. "बाई, आमचे आजोबा वेगळं सांगतात." मी विचारलं, "किती शिकलेत तुझे आजोबा?" वर्ग हसला. तो खाली बसला.

त्याचे आजोबा काय सांगत होते, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.